नवापूर, २००६ आणि एक खुराडं

गेले तीन वीकेंड मी एका खुराड्याच्या मागे लागलोय. ते उभं राहायचंय नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर तालुक्यात, काका-काकूंच्या घरामागच्या परसात. काकूला बारा कोंबड्या पाळायच्या आहेत. नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात एक इंजिनिअर असला की त्याला मिक्सरपासून पाण्याच्या मोटारीपर्यंत सगळं कळतं असा समज असतो. "अगं, मी सॉफ्टवेअरवाला आहे" हे सांगून आजवर काही उपयोग झालेला नाही.

काकांचा मात्र ठाम विरोध. कारण विचारलं तर एकच वाक्य: "आपण नवापूरचे आहोत, विसरू नका."

पुण्या-मुंबईच्या मित्रांना या वाक्याचा अर्थ लागत नाही, म्हणून हा लेख. नवापूर म्हटलं की बहुतेकांना रेल्वे स्टेशन आठवतं: सुरत-भुसावळ मार्गावरचं, दोन राज्यांच्या हद्दीवर बांधलेलं, जिथलं एक बाकडं अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. फोटो फॉरवर्ड होऊन होऊन झिजला. पण जगभरच्या पशुवैद्यकांना नवापूर वेगळ्याच कारणाने माहीत आहे. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भारतात कोंबड्यांमध्ये एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू, पहिल्यांदा सापडल्याचं जाहीर झालं, ते नवापुरात.

आता जरा मागे जाऊ.

कोंबडी ही आपल्याकडची फार जुनी प्रजा, पण नेमकी कुठली यावर बरीच भांडणं झाली. बरीच वर्षं सिंधू संस्कृतीला श्रेय दिलं जायचं. २०२० मध्ये शेकडो कोंबड्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि बोट गेलं पूर्वेकडे, म्यानमार, उत्तर थायलंड, नैऋत्य चीन या पट्ट्यातल्या लाल रानकोंबडीकडे. गंमत म्हणजे कोंबडीची पिवळी कातडी आणि पिवळे पाय मात्र तिकडून आलेले नाहीत. तो जनुक आपल्या दख्खन-सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबडीचा, हे २००८ मध्ये कळलं. म्हणजे जगात कुठेही पिवळ्या पायांची कोंबडी दिसली की तिच्यात आपल्याकडचं थोडंसं काहीतरी आहे. (हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं मग?")

नंदुरबार १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत सत्तर टक्क्यांच्या जवळपास आदिवासी: भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी, गावित. इथल्या घरात कोंबडी असते ती "पाळलेली" नसते, ती असते. दिवसभर अंगणात, कुंपणाखाली, उकिरड्यावर फिरते, किडे-दाणे वेचते, रात्री घरात येते. तिचं घर म्हणजे बांबूचं डालं, नाहीतर कुडाच्या भिंतीच्या कोपऱ्यात लिंपलेलं छोटं खुराडं. खर्च जवळजवळ शून्य. पिल्लांसाठी पोरं वारूळ फोडून वाळवी आणतात. उच्च प्रथिनांचं खाद्य, पाकिटावर काही छापलेलं नसतं एवढंच. वर्षाला ५०-६० अंडी, त्यातली बरीचशी खायला नाहीत तर उबवायला. कोंबडी खुडूक बसली की एकवीस दिवस बसूनच राहते, मग डझनभर पिल्लं, त्यातली निम्मी घार, मुंगूस आणि मानमोडी यांच्या वाट्याची.

आणि कोंबडी ही बाईची. शेत नवऱ्याच्या नावावर, बैल नवऱ्याचे, पण कोंबडं विकून आलेले पैसे तिच्या पदराच्या गाठीत. पाहुणा आला, पोरगं आजारी पडलं, शाळेची फी भरायचीय, आठवड्याच्या बाजारात एक कोंबडा गेला. देवाला लागते ती वेगळीच. सीमेपलीकडे देवमोगरा इथे याहामोगी मातेची महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते, नंदुरबारच्या गावागावांतून माणसं जातात, नवसाची कोंबडी-बकरी घेऊन.

याच तालुक्यात, अक्षरशः याच शिवारात, दुसऱ्या प्रकारची कोंबडीही राहायला आली. नवापूर हमरस्त्यावर आहे, सुरत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, आणि सुरतला अंडी लागतात, रोज लागतात. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी सुरू केलेली व्यंकटेश्वरा हॅचरीज पुण्यात वाढली, १९८२ मध्ये अंड्याचा भाव शेतकऱ्यांनी एकत्र येऊन ठरवायची समन्वय समिती निघाली, आणि अंडं हा घरगुती पदार्थ न राहता माल झाला. नवापूरच्या आसपास पिंजऱ्यांच्या लांबच लांब शेड उभ्या राहिल्या. एका शेडमध्ये हजारो कोंबड्या, सगळ्या एकाच वयाच्या, एकाच वाणाच्या, वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देणाऱ्या. खुडूक बसणं हा गुणच निवड करकरून काढून टाकलेला. शेडमधली कोंबडी आणि डाल्यातली कोंबडी यांची एरवी कधी गाठ पडायची नाही. मध्ये फक्त एक रस्ता.

२००६ च्या जानेवारीअखेर शेडमधल्या कोंबड्या मरायला लागल्या. थोड्याथोडक्या नाही, हजारांनी. मालकांनी म्हटलं राणीखेत. व्यवसायातली जाणकार मंडळीही तेच म्हणत होती, आणि बर्ड फ्लू जाहीर झाल्यावरही काही दिवस म्हणत राहिली. आज त्यांना हसणं सोपं आहे. पण राणीखेत हा इथला रोजचा शत्रू होता. १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला हा रोग नोंदला गेला, पाठोपाठ कुमाऊँमधल्या राणीखेतला सापडला, म्हणून जगात न्यूकॅसल आणि आपल्याकडे राणीखेत. खेड्यात त्याला मानमोडी म्हणतात, कारण कोंबडीची मान वळते. त्यावर १९४० च्या दशकात कुमाऊँतच, मुक्तेश्वरच्या संस्थेत, लशीचा विषाणू तयार झाला. आर-टू-बी नावाने पशुवैद्य आजही टोचतात ती त्याच कुळातली. तर ज्याने आयुष्यभर राणीखेतच पाहिलाय तो आधी राणीखेतच म्हणणार. दोन्हींत कोंबड्या झपाट्याने मरतात, दोन्हींत हगवण, दोन्हींत मान टाकणं. प्रयोगशाळेशिवाय फरक सांगता येत नाही.

आणि तेव्हा ठामपणे सांगू शकणारी प्रयोगशाळा देशात एकच, भोपाळची उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळा. नमुने तिथे गेले. उत्तर आलं एच५एन१. तोच, जो १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडाँगमध्ये हंसात सापडला, १९९७ मध्ये हाँगकाँगात अठरा माणसांना झाला आणि त्यातली सहा दगावली. २००३-०४ मध्ये व्हिएतनाम-थायलंड, २००५ मध्ये चीनचं चिंगहाई सरोवर, आणि मग नवापूर. कसा आला? रानपक्ष्यांनी आणला म्हणावं तर उकाई धरणाचं पाणी जवळच पसरलेलं आहे. माणसांनी आणला म्हणावं तर ट्रक, पिल्लं, खाद्य, अंड्यांचे ट्रे यांची ये-जा रोजची. वाद आजही रंगतो.

पुढचं सगळं टीव्हीवर होतं. पांढऱ्या पोशाखातली पथकं, गॉगल, मास्क, जेसीबीने खणलेले खड्डे, चुना. त्या माणसांना टॅमीफ्लूच्या गोळ्या. तापाची माणसं रुग्णालयात वेगळी ठेवली, त्यांचे नमुने तपासले. माणसांत एकही लागण निघाली नाही. देशभर चिकन खाणं थांबलं, भाव कोसळले, रेल्वेने जेवणातून कोंबडी काढली, मग उद्योगाने "चिकन महोत्सव" भरवून पुढाऱ्यांना तंगड्या खायला लावल्या. हा भाग तुम्हाला आठवत असेल.

न आठवणारा भाग असा. मारायचं वर्तुळ होतं तीन किलोमीटर त्रिज्येचं. कंपासने नकाशावर काढलेलं वर्तुळ शेड आणि डालं यांत फरक करत नाही. काकूचं माहेर त्या वर्तुळात होतं. तिच्या आईच्या नऊ कोंबड्या, त्यातली एक अंड्यांवर बसलेली. एकही आजारी नव्हती. पथकातली पोरं चांगली होती म्हणे, पाणी मागून प्यायली, "आजी, माफ करा" म्हणाली. पण मोकळ्या फिरणाऱ्या गावठी कोंबड्या पकडणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. शेडमधली कोंबडी पिंजऱ्यातून उचलायची असते. ही झाडावर जाते, कौलावर जाते, शेजारच्या तुरीत घुसते. दुपार गेली.

भरपाई ठरलेली होती. अंड्यावरच्या मोठ्या कोंबडीला ४० रुपये. शेडमधल्या पक्ष्याच्या हिशोबाने काढलेला दर. गावठी कोंबडीला बाजारात तेव्हाही याहून बरंच जास्त मिळायचं, आणि खुडूक बसलेल्या कोंबडीची किंमत तर तिच्याखालच्या अंड्यांसकट मोजावी लागते. त्या वर्षी महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती, म्हणजे जाहीर झाल्यापासून बरोबर आठ दिवसांनी. नवसाला न्यायची कोंबडी कुणी लपवली असेल तर मला नवल वाटत नाही.

मार्चमध्ये हाच रोग जळगाव जिल्ह्यात सापडला, आणि तिथे शेडमध्ये नाही, गावांतल्या परसातल्या कोंबड्यांत. मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरकडेही. पहिल्या साथीत तीन राज्यांत मिळून सुमारे दहा लाख पक्षी मारले गेले. दोन वर्षांनी, २००८ मध्ये, पश्चिम बंगालमध्ये चाळीस लाखांवर, त्यातले बहुतेक परसातले.

आता माझ्यातला प्रोग्रामर बोलतो, थोडं सहन करा. भरपाईचा नियम असा आहे की पैसे मारलेल्या पक्ष्यांचे मिळतात, रोगाने आधीच मेलेल्यांचे नाही. कागदावर हे बरोबर आहे: लवकर कळवा, म्हणजे जिवंत पक्षी जास्त आणि पैसेही जास्त. पण दर बाजारभावाच्या खाली ठेवला की नेमकं उलटं होतं. ज्याच्या दोन कोंबड्या मेल्यात तो हिशोब करतो, कळवलं तर उरलेल्या सात चाळीस रुपयांनी जाणार आणि शेजारी शिव्या घालणार; नाही कळवलं तर गुरुवारच्या बाजारात विकता येतील. जो बग रिपोर्ट करतो त्याचाच पगार कापला, तर बग रिपोर्ट येणं बंद होतं. सिस्टीम मात्र आतून सडत राहते. ऑफिसात हे आपण सगळ्यांनी पाहिलंय :)

दर पुढे वाढले. २०२१ ची साथ आली तेव्हा मोठ्या अंड्याच्या कोंबडीला ९० रुपये, पिल्लाला २०, अंड्याला ३, खाद्याला किलोमागे १२. वर्तुळही तीनवरून एक किलोमीटरवर आलं, त्यापुढे दहा किलोमीटरपर्यंत नुसती पाहणी. हा बदल मला मोठा वाटतो. क्षेत्रफळात मोजा: तीनच्या वर्गाऐवजी एकचा वर्ग, म्हणजे नवव्या हिश्शाची जमीन. नऊ घरांतल्या आठ घरांची कोंबडी वाचते.

होय, २०२१. नवापूरला पुन्हा. जानेवारीत महाराष्ट्रात सुरुवात परभणीच्या मुरुंब्यातून झाली आणि फेब्रुवारीत नवापूरच्या शेडचे नमुने बाधित निघाले. पंधरा वर्षांनी, तोच महिना. लाखोंनी कोंबड्या मारल्या. २००६ नंतर कर्ज काढून पुन्हा उभी राहिलेली माणसं होती ती. काकांचा एक मित्र त्यात होता, म्हणून काकांचं ते वाक्य.

काकांच्या विरोधात दम आहे, हे मी काकूला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणून तर तुला सांगितलं ना डिझाईन करायला."

तर डिझाईन. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट वरच्या इतिहासातून आलीय. नुसतं डालं पुरत नाही आणि शेड नकोय, मधलं काहीतरी हवं. बारा कोंबड्यांना आत झोपायला प्रत्येकी दोन चौरस फूट धरले तर चोवीस, म्हणजे सहा बाय चार फुटांचं खुराडं. जमिनीपासून दोन फूट उचललेलं, खाली हवा खेळावी आणि साप-मुंगसाला कोपरा मिळू नये म्हणून. लांबी पूर्व-पश्चिम, कारण मे महिन्यात नंदुरबारात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि कोंबडीला घाम येत नाही; चोच उघडून धापा टाकते आणि मरते. पत्रा स्वस्त पडतो, पण मी मंगलोरी कौलांवर अडून बसलो. भिंती अर्ध्या कुडाच्या, वर अर्ध्या इंचाची जाळी. मोठ्या भोकाची जाळी घेतली तर कोंबडी आतच राहते, पण मुंगूसही आत येतं. बसायला बांबूच्या दांड्या, अंडी घालायला फूटभराचे तीन खोके, तळाला भाताचं तूस.

खुराड्याला लागून दहा बाय बाराचं मोकळं अंगण, जाळीने वेढलेलं आणि वरूनही झाकलेलं. खरा वाद इथे झाला. काकू म्हणते कोंबडी मोकळी नाही तर ती गावठी कसली. तिचंही खरं. उकिरड्यावर जे फुकट मिळतं ते आता मका, कण्या आणि भाजीच्या देठांनी भरून काढावं लागणार, खर्च वाढणार. पण वरून छप्पर नसेल तर बगळे-कावळे-चिमण्या पाण्याच्या भांड्यावर येणार, आणि जाळी नसेल तर आपल्या कोंबड्या शेजारच्यांच्यात. तोडगा निघाला तो असा: एरवी दुपारनंतर दोन तास सोडायच्या, डिसेंबर ते मार्च अजिबात नाही.

दारात चुन्याची पाटी, आणि आत जायच्या चपला वेगळ्या, तिथेच ठेवलेल्या. दुकानातून अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे फुकट मिळतात, ते आणायचे नाहीत. ते कुठल्या शेडमधून फिरून आले हे कुणाला माहीत. बाजारातून नवीन कोंबडी आणली तर तीन आठवडे घराच्या दुसऱ्या बाजूला, वेगळ्या डाल्यात. बदकं नकोत.

कोंबडी कुठली घ्यायची यावर मी एक पूर्ण शनिवार घालवला. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची १९८९ मधली गिरिराजा, दोन्ही खास परसासाठी काढलेल्या, रंगीत, दणकट, गावठीच्या दुप्पट अंडी देणाऱ्या. पण या शक्यतो खुडूक बसत नाहीत. म्हणजे पिल्लं दर वेळी विकत आणा. मला तर हे लायसन्स रिन्यू करत बसण्यासारखं वाटलं. कडकनाथचं नावही निघालं होतं; २०१९ मध्ये सांगलीकडे कडकनाथच्या नावाखाली शेतकऱ्यांचं काय झालं ते आठवून काकांनी ते तिथेच मिटवलं. शेवटी आठ वनराजा आणि चार गावठी माद्या. वनराजाची अंडी खायला, गावठीची उबवायला, आणि गरज पडली तर गावठीखाली वनराजाची अंडीही ठेवता येतात.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात पंचाण्णव अंश फॅरनहाईटची ऊब लागते, मग दर आठवड्याला पाच अंश कमी. पेटीत साठ वॉटचा पिवळा बल्ब. तो आता शोधावा लागतो, एलईडी गरम होत नाही! तापमापक नसेल तरी चालतं: पिल्लं बल्बखाली गर्दी करून चिवचिवली तर थंडी, लांब कोपऱ्यात पळाली तर उष्णता, सगळीकडे पसरली तर बरोबर. पाचव्या-सातव्या दिवशी डोळ्यात लासोटाचा थेंब, सहा ते आठ आठवड्यांनी पंखाखाली आर-टू-बी. या लशी मानमोडीच्या, बर्ड फ्लूच्या नाहीत, पण माझ्या मते त्यांचा दुसरा उपयोग जास्त मोठा आहे. सगळ्यांना लस झालेली असताना चार कोंबड्या एकदम मेल्या तर "मानमोडी असेल" म्हणायची सोय उरत नाही. फोन करावाच लागतो.

त्या फोनचा नंबर खुराड्याच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगवून घ्यायचा, ही काकांची अट. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा. दुसरी अट, खुराडं रस्त्याच्या बाजूला नको. तिसरी, पिल्लं पावसाळा संपल्यावरच. तिन्ही मान्य झाल्या. सुतार दिवाळीच्या आधी मोकळा नाही म्हणतोय, तोवर काकूने बाजारातून बांबूची दोन डाली आणून ठेवलीत.